पुरुषभर, घोटाभर, गुडघाभर: नागपूरहून चार दिवसांची तलावफेरी

पाणपक्षी बघायच्या या फेरीसाठी जानेवारीचा दुसरा आठवडा धरायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकं येऊन पोचलेली असतात, पण बरेचसे नर तेव्हा मादीसारख्या मळकट पिसांत असतात आणि ओळखताना भलेभले चुकतात. शिवाय पावसाळ्यात भरलेले तलाव तोवर तुडुंब असतात, काठाला उथळ पट्टाच नसतो. फेब्रुवारी संपत आला की पक्षी उत्तरेकडे निघू लागतात. मधल्या काळात रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुटतात, तलाव टप्प्याटप्प्याने उतरतात आणि उतरलेल्या पाण्याच्या कडेला जो ओला चिखल उघडा पडतो तिथे पक्ष्यांचा बाजार भरतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, कारण या दिवसांत पक्षी आपापल्या तळ्यावर स्थिरावलेले असतात.

ही फेरी गावांच्या क्रमाने नाही, पाण्याच्या खोलीप्रमाणे लावली आहे. पाणपक्ष्याची जागा त्याच्या पायाच्या, मानेच्या आणि चोचीच्या लांबीवर ठरते. चिखल्या आणि तुतारी या छोट्या पक्ष्यांना दोन ते पाच सेंटिमीटर पाणी पुरतं, नुसता ओला चिखलही चालतो. शेकाट्या वीतभर पाण्यात उभा राहतो. डोकं खाली आणि शेपूट वर करून चरणारी बदकं, म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, फूट-दीड फुटाच्या आत राहतात, कारण त्यापलीकडे त्यांची चोच तळाला लागत नाही. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारून खातात, त्यांना कमरेपासून पुरुषभरापर्यंत पाणी हवं. त्यामुळे ‘अमक्या तलावावर यंदा काहीच नाही’ असं कुणी सांगितलं, तर आधी त्याला पाणी किती होतं ते विचारायचं. वर्षानुवर्षं बदकांनी भरलेला तलाव एखाद्या साली पाऊस जास्त झाला म्हणून जानेवारीतही रिकामा दिसतो, आणि तेच पक्षी पाच-सात किलोमीटरवरच्या कुणाला ठाऊक नसलेल्या तळ्यावर सापडतात.

सामान थोडकं. ८×४२ ची दुर्बीण सगळ्यात कामाची. १० पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि तलावावरच्या वाऱ्यात ती थरथर दुप्पट वाटते. २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण, असेल तर तिपाई जड हवी. स्कोप ६० पटीवर ठेवून बसू नका. उन्हं चढली की पाण्यावरची हवा हलायला लागते आणि मग २५-३० च्या वर प्रत्येक बदक वितळल्यासारखं दिसतं. गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात दीड-दोन किलो मूग भरावेत. तांदूळही चालतात, पण ओले झाले की वास येतो. कपडे मातकट रंगाचे. पांढरा शर्ट हा पाणपक्षी बघायला आलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

आणि एक खास नागपुरी सूचना. संक्रांतीच्या आसपास शहरात आणि शहराच्या कडेला पतंगांचा हंगाम असतो. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो रस्त्यावर आडवा येतो. दुचाकीवर निघणार असाल तर गळ्याला जाड मफलर आणि हेल्मेटची काच खाली, मग कितीही थंडी असो किंवा नसो. झाडात अडकलेल्या मांजात बगळे आणि वटवाघळं लटकलेली दिसतात. अशा वेळी स्वतः दोरा ओढू नये, पंख मुळापासून फाटतो. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावं.

पहिला दिवस: पुरुषभर पाणी

शहरापासूनच सुरुवात. अंबाझरीचा तलाव १८७० सालचा, नागपूरला पाणी पुरवण्यासाठी केलेला. बांध पूर्वेला, शहराच्या बाजूला आहे, आणि हीच सकाळची सोय. जानेवारीत सूर्य सहा पन्नासच्या सुमारास आग्नेयेकडून वर येतो, म्हणजे बांधावर उभं राहिलं की ऊन पाठीशी आणि पाणी समोर उजळलेलं. संध्याकाळी त्याच जागेवरून पाहिलं तर सगळे पक्षी काळे ठिपके. प्रकाशाचा हा हिशेब प्रत्येक तलावाला आदल्या रात्री नकाशावर करून ठेवावा: सकाळी पूर्वकाठ, संध्याकाळी पश्चिमकाठ.

साडेसहाला पोचायचं. धुकं असेल तर पहिला पाऊण तास काही दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि त्या वेळात कानाने बरंच काम होतं. टिबुकलीची खिदळल्यासारखी लकेर, वारकरी नावाच्या पाणपक्ष्याचं तुटक ‘क्रोक्’. धुकं उठलं की काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी दिसतात. नवखे लोक यांना बदक समजून मोजतात. वारकरी पोहताना मान पुढे-मागे हलवतो, उडायच्या आधी पाण्यावर धावतो आणि पायाला बदकासारखा पडदा नसून प्रत्येक बोटाला वेगळी पाळी असते. बुडी मारून वर आला की बुचासारखा उसळतो. छोटे पाणकावळे बांधाच्या दगडांवर पंख पसरून वाळत बसलेले असतात.

अंबाझरीला एकंदरीत फार अपेक्षा ठेवू नयेत. काठ खोल, चालायला येणारी माणसं पुष्कळ, त्यात जलपर्णी. जलपर्णीने झाकलेल्या पाण्याखाली उजेड जात नाही, पाणवनस्पती मरतात, पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि बुडी मारणाऱ्या बदकाला वर यायला मोकळी जागाच उरत नाही. तरी जलपर्णीच्या कडेला बगळे आणि कमळपक्षी चालताना दिसतात, म्हणून ‘जलपर्णी पक्ष्यांसाठी चांगली’ असा गैरसमज पसरतो. चालणाऱ्यांना ती चालते, पोहणाऱ्यांना नाही. तलावाच्या मागच्या बाजूला अंबाझरी जैवविविधता उद्यान आहे. आठ वाजता बांधावर गर्दी वाढली की तिकडे सरकावं. तिथलं गवत आणि काटेरी झुडपं भारद्वाज, लावे, वेडे राघू यांच्यासाठी चांगली, आणि तलावाच्या उथळ शेपटाकडे तिथूनच नजर टाकता येते. तलावाचं शेपूट, म्हणजे बांधाच्या समोरचा ओढ्याकडचा भाग, हा नेहमी बांधापेक्षा उथळ असतो. कुठल्याही नव्या तलावावर गेल्यावर आधी शेपूट शोधायचं.

तर्री पोह्यांची वेळ दहाची. त्यानंतर पाण्यावर बघण्यासारखं कमीच, त्यामुळे दुपार झोपण्यात गेली तरी बिघडत नाही.

साडेतीनला गोरेवाडा. हाही पिण्याच्या पाण्यासाठी १९१२ मध्ये बांधलेला तलाव, पण भोवती जंगल असल्यामुळे अंबाझरीपेक्षा शांत. फाटकाच्या वेळा आणि शुल्क बदलत राहतात, आदल्या दिवशी विचारून घ्यावं. प्राणिसंग्रहालयाची सफारी वेगळी आणि पाण्याकाठची पायवाट वेगळी. तिकीटखिडकीवर हे दोन्ही एकच समजून भलत्याच बसमध्ये बसलेली माणसं दर आठवड्याला दिसतात. काठाशी चितळांचे कळप पाण्यावर येतात. मोकळे बिबटेही या जंगलात आहेत, त्यामुळे अंधार पडेपर्यंत पायवाटेवर रेंगाळू नये आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नये.

गोरेवाड्याला मधल्या खोल पाण्यात लालसरीचे थवे शोधावेत. नराचं डोकं विटकरी, छाती काळी, पाठ राखाडी. एक थवा मोजताना तीनदा मोजावा, कारण बुडी मारणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या क्षणी पाण्याखाली असतात. तिन्ही आकड्यांतला सगळ्यात मोठा धरायचा. चरणाऱ्या बदकांच्या बाबतीत उलट, तिथे मधला आकडा धरतात. काठच्या वठलेल्या झाडांवर पांढऱ्या मानेचे करकोचे आणि एखादा कैकर बसलेला असू शकतो. कैकर माशावर झेप घेताना शेवटच्या क्षणी पाय पुढे काढतो, घारीसारखा पृष्ठभागावरून नुसता उचलून नेत नाही. लांबून ओळखायला ही खूण पुरते.

काठावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्याच बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले होते. जागा आणि फोटो वनविभागाला पाठवावा आणि बूट घरात न्यायच्या आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तलावावर जायचं असेल तर हे धुणं आणखी महत्त्वाचं.

फुटाळा तलाव वाटेत आहे. चहापुरता ठीक. फुटाळ्याच्या निमित्ताने न्यायालयात गेलेला एक मुद्दा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाणथळ जागांसाठीचे २०१७ चे केंद्रीय नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळतात. नागपूर परिसरातला जवळजवळ प्रत्येक तलाव माणसाने बांधलेला आहे. म्हणजे ज्या पाण्यावर हजारो पक्षी उतरतात ते या नियमांच्या लेखी पाणथळच नाही. पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या पाण्याला आहे की नाही, हे तो तलाव कुणाच्या ताब्यात आणि कुठल्या जंगलाच्या हद्दीत येतो यावर ठरतं. उद्या आणि परवाच्या तलावांत हा फरक डोळ्यांनी दिसतो.

दुसरा दिवस: घोटाभर पाणी

उमरेड रस्ता. नागपूरहून उमरेड पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, आणि त्या बाजूचे सायकी, पारडगाव, मकरधोकडा हे तलाव नागपूरच्या पक्षीनिरीक्षकांचे जुने अड्डे. चारही दिवसांत सगळ्यात जास्त जाती आजच मिळतात. गाडी हवीच, कारण आज गाडीच आपला आडोसा आहे. पाणपक्षी चारचाकीला फारसे बुजत नाहीत. दार उघडून दोन पायांचं उभं माणूस बाहेर आलं की मात्र सगळा थवा उठतो. काठाजवळ गाडी आली की इंजिन बंद, काच आधीच खाली, आणि दहा मिनिटं कुणीही काही करायचं नाही.

हे सिंचनाचे तलाव. रब्बीच्या पाळ्या सुटल्या की पाणी मागे सरकतं आणि तीस ते दोनशे मीटर रुंदीचा चिखल उघडा पडतो. त्यावर दोन दावेदार असतात. एक पक्षी, दुसरा गाळपेर करणारा शेतकरी. तलावाच्या पोटातली उघडी पडलेली सुपीक जमीन हंगामापुरती कसायला देण्याची ही जुनी पद्धत आहे आणि ती चुकीची म्हणता येत नाही. मात्र पंप लावून पाणी झपाट्याने उतरवलं, तर पंधरा दिवसांत चिखल वाळून टणक होतो, त्यातले किडे-अळ्या मरतात आणि तुतारीची लांब चोच आत शिरत नाही. हळूहळू उतरणारं पाणी रोज चिखलाची एक नवी ओली फीत उघडी करतं. ज्या साली पाणी असं हळू उतरतं, ते साल पक्ष्यांचं.

सात वाजता पहिल्या तलावावर. आधी दुर्बिणीने पूर्ण काठ एकदा डावीकडून उजवीकडे, मग स्कोपने पट्ट्यापट्ट्याने. कोरड्या चिखलात टिटवी आणि धोबी, ओल्या फितीत छोटा कंठेरी चिखल्या आणि ठिपकेवाली तुतारी, घोटाभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे चक्रांग आणि थापट्या, आणि मध्ये मोकळ्यावर तलवार बदकं. ही उतरंड एकदा डोळ्यात बसली की दुरून नुसत्या जागेवरूनही अर्धी ओळख पटते.

बदकांच्या नरांना ओळखणं सोपं. तलवार बदकाची टोकदार शेपटी आणि मानेवर चढलेली पांढरी रेघ, थापट्याची फावड्यासारखी चोच, भिवई बदकाची पांढरी भुवई, हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके. चक्रवाक तर केशरी रंगामुळे एक किलोमीटरवरून दिसतो. घोटाळा होतो तो माद्यांचा. सगळ्या तपकिरी, सगळ्या ठिपक्यांच्या. त्यांची पिसं बघत बसू नका. चोचीची लांबी आणि मानेची ठेवण बघा, मग उडायची वाट बघा. पंखाच्या मागच्या कडेवरचा चौकोनी पट्टा जातीप्रमाणे ठरलेला असतो: गडवालला पांढरा, चक्रांगला हिरवा, हळदीकुंकूला हिरवा पण त्यामागे ठळक पांढरी पट्टी. पक्षी स्वतःहून उडेपर्यंत थांबायचं, उडवायचं नाही. दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी दिवसातून चार-पाच वेळा पाण्यावरून खाली घिरट्या घालत जातो आणि हे काम फुकट करून देतो.

उडवायचं नाही, हे नुसतं सौजन्य म्हणून सांगितलेलं नाही. या बदकांना मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडायचं आहे आणि त्यासाठी लागणारी चरबी इथल्या दिवसांत साठते. प्रत्येक उड्डाण ती खर्च करतं. पक्षी आपल्याला सूचना देत असतो: आधी झोपलेली डोकी वर येतात, मग सगळ्या चोची एका दिशेला वळतात, मग थवा पोहत दूर सरकू लागतो. दुसऱ्या सूचनेला थांबलात तर थवा जागेवर राहतो. तिसरीला थांबून काही उपयोग नसतो, मागे यावं लागतं. ड्रोन तर अजिबात नको. वरून येणारी कुठलीही गुणगुणती गोष्ट पक्ष्याच्या लेखी गरुड असते.

चिखलात उतरण्याचा मोह होतो. इथली जमीन कन्हार, काळी. वरून भेगा पडलेली, वाळलेली दिसते आणि खाली लोण्यासारखी. पाय गुडघ्यापर्यंत गेला की दुसरा पाय रोवून पहिला ओढायची चूक सगळे करतात, आणि मग दोन्ही अडकतात. मागे बसून वजन पसरायचं, पाय गोल-गोल हलवून हवा आत जाऊ द्यायची आणि मग टाच आधी काढायची. बूट राहिला तर राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे काठीने टोचून बघितल्याशिवाय गुरांच्या पायवाटेबाहेर पाऊल न टाकणं. गुरं जिथून रोज पाण्यावर जातात ती जमीन कठीण असते.

दुपारचा डबा गावाच्या झाडाखाली. बारा ते तीन बदकं झोपतात, आपणही डोळा लावावा. पुढे भिवापूरकडे गेलं तर लाल मिरची वाळत घातलेली दिसते, आणि उजवीकडे-डावीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल आहे. पण वाघाच्या मागे लागलात तर संध्याकाळ हुकते, आणि आजची संध्याकाळच महत्त्वाची आहे.

पट्टकादंब हंसांसाठी ती राखून ठेवायची. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळे पट्टे, पिवळी चोच आणि पाय. हे तिबेट, मंगोलिया, मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. उपग्रह पट्टे लावलेल्या पक्ष्यांची उड्डाणं सात हजार मीटरच्याही वर नोंदली गेली आहेत. पारडगावला ते मोकळ्या काठावर दिवसभर नुसते बसून असतात. त्यामुळे दुपारी बघणाऱ्याला वाटतं, हा आळशी पक्षी. ते चरतात रात्री, शेतात. गव्हाचे कोवळे पाते, हरभरा, गवत. म्हणून शेतकऱ्याशी त्यांचं भांडण असतं आणि रात्री फटाके वाजतात. कादंब दिवसा थकलेले, अस्वस्थ दिसले तर आदल्या रात्री शेतातून हाकलले गेले असावेत, असा अंदाज करायला हरकत नाही.

पाच वाजता पश्चिम काठाला, उतरत्या सूर्याला पाठ करून, गाडीतच बसून राहायचं. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी एखादा कादंब मान ताठ करून ‘आंग्, आंग्’ असा नाकातला आवाज काढतो, दुसरा उत्तर देतो, पंधरा-वीस मिनिटं ही चर्चा चालते आणि मग कुटुंबाकुटुंबाने थवे उठतात. मोजायचं ते याच वेळी, आकाशाच्या उजेडावर. दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरायची आणि तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचं. नवखे लोक मोठा थवा जवळजवळ नेहमी कमी मोजतात. मानेत रंगीत कॉलर असलेला कादंब दिसला तर कॉलरचा रंग आणि त्यावरची अक्षरं लिहून घ्यावीत. मंगोलियात असे कॉलर घातले गेले आहेत आणि एका नोंदीतून पूर्ण प्रवास जोडला जातो. थवे ज्या शेतावर उतरतात तिथे टॉर्च घेऊन जाऊ नये. अंधारात नागपूरला परत, रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, सावकाश.

तिसरा दिवस: गुडघाभर पाणी

नवेगावबांध. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा आणि तिथून दक्षिणेला. सगळे मिळून एकशे तीस-चाळीस किलोमीटर. पाचला निघालं तर आठच्या आत तलावावर. पहाटेचा सुवर्णक्षण हुकतो, पण चालतं, कारण इथे पक्षी वनस्पतीत असतात आणि ते दिवसभर हलतात. रात्री इथेच मुक्काम करायचा असल्याने घाई नको. राहण्याची जागा सुट्ट्यांत भरलेली असते, आधी नोंदवावी.

भंडारा ओलांडला की जमीन बदलते. ज्वारी-कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. दर दोन-चार किलोमीटरवर तलाव किंवा बोडी, म्हणजे छोटं तळं. यांना सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक सरळ ‘मामा तलाव’. कोहळी समाजाने शेकडो वर्षांत हे तलाव बांधले, मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेल्यावर ते सरकारकडे आले. नवेगावबांध त्यातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक, भरला की अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. सात टेकड्यांच्या, म्हणजे ‘सात बहिणीं’च्या, मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि तलाव झाला. पाटील आता कोलासूर म्हणून पुजले जातात. पाणी अडवणाऱ्या माणसाला देव करणारा हा मुलूख आहे.

तलाव १९७५ पासूनच्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानाला लागून, आणि २०१३ पासून हा सगळा पट्टा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. कालच्या तलावांशी तुलना इथे करावी. काठावर झाडं शिल्लक आहेत, टेकड्यांवरून येणारं पाणी गाळ कमी आणतं, आणि उथळ भागात पाणवनस्पती टिकून आहे.

ही वनस्पतीच आजचा मुख्य विषय. देवधान (जंगली भात), कमळ, शिंगाडा, पाणकणीस आणि पाण्याखालचं शेवाळ. गुडघाभर पाण्यात यांची जाळी असते. सोनपंखी कमळपक्षी लांब बोटांनी पानांवरून चालतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी मात्र जानेवारीत नसते, ती वीणीच्या दिवसांत येते, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून गोंधळू नये. जांभळी पाणकोंबडी एका पायात देठ धरून माणसासारखी सोलून खाते. काणूक, आपल्याकडचं सगळ्यात छोटं बदक, कमळाच्या पानांत लपतं; नराची पांढरी मान शोधावी. अडई बदकांचे थवे झाडांच्या सावलीत दिवस काढतात आणि संध्याकाळी शीळ घालत उडतात, शीळ आधी ऐकू येते, पक्षी नंतर दिसतो.

दोन परक्या वनस्पती या जाळीचा घात करतात. जलपर्णी सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी बेशरम, गुलाबी फुलांचं ते झुडूप, कुंपणाला म्हणून लावलं आणि तलावाच्या पोटात पसरलं. गुरं ते खात नाहीत, तोडलेली फांदी चिखलात पडली की पुन्हा रुजते, आणि त्याच्या सावलीत देवधान उगवत नाही. देवधान नाही तर माशांची अंडी घालायची जागा नाही, बदकाला दाणा नाही. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी काही मामा तलावांतून बेशरम मुळासकट उपटून, तलावाच्या पोटात उन्हाळ्यात नांगर फिरवून, पाणी चढण्याआधी देशी पाणवनस्पतींची रोपं लावली. मासे वाढले, त्यामागून पक्षी आले. हे काम दिसायला साधं आहे पण क्रम चुकला की वाया जातं: पाणी चढल्यावर लावलेलं रोप तरंगून काठाला येतं.

इथे पाळीवरून चालत बघावं, एका जागी बसून नव्हे. दोनशे पावलं चालायची, पाच मिनिटं थांबायची. मच्छीमाराचा डोंगा पाण्यावर असेल तर त्याच्या आसपासचे पक्षी बघा. रोजच्या डोंग्याला ते बुजत नाहीत. हौशी नौका मात्र थव्याच्या मधून नेली की तासाभराचं बघणं संपतं. काठच्या खडकांवर माशांचे खवले मिसळलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर ती पाणमांजराची. प्राणी सकाळी लवकर किंवा सांजेला दिसला तर दिसला. अस्वलांचा हा भाग आहे, त्यामुळे पाळ सोडून टेकडीच्या झाडीत एकट्याने शिरू नये.

सारसासाठी नवेगावबांधला येणारे बहुतेक जण जुन्या ऐकीव माहितीवर येतात. इथे तो दिसेलच असं धरून चालू नका. त्यासाठी उद्याची सकाळ.

चौथा दिवस: धानाच्या बांध्या

नवेगावबांधहून गोंदिया तालुक्यातले परसवाडा आणि झिलमिली, अंधारात निघून दोन तास धरावेत. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात आणि संख्या शंभराच्या खूप आत आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच, पाच ते सहा फूट. एवढा मोठा पक्षी शोधायला अवघड जाऊ नये, पण जातो, कारण लोक तो तलावात शोधतात. हिवाळ्यात तो रात्र पाण्यात उभा राहून काढतो आणि उजाडल्यावर कापलेल्या बांध्यांत उतरतो. सांडलेलं धान, गोगलगाई, कंदमुळं आणि ओलीवर पेरलेल्या लाखोरी डाळीतले किडे हे त्याचं खाणं.

गावाबाहेरच्या रस्त्यावर उजाडायच्या आधी थांबायचं आणि ऐकायचं. जोडीचं एकत्र ओरडणं दीड-दोन किलोमीटर जातं: नराचा एक लांब स्वर, मादीचे त्यावर दोन-तीन तुटक. आवाजाच्या दिशेने गाडी डांबरी रस्त्यावरूनच न्यावी, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढवू नये. जोडीसोबत तिसरा पक्षी असेल आणि त्याचं डोकं लाल नसून बदामी असेल तर ते यंदाचं पिल्लू. वीण पावसाळ्यात, उभ्या धानात, बहुधा दोनच अंडी. त्यातलं एक पिल्लू जानेवारीपर्यंत टिकलं तरी ती जोडी यशस्वी म्हणायची. दोनशे मीटर अंतर ठेवावं. जवळ गेलात तर उडेल आणि इथलं उडणं धोक्याचं आहे, कारण बांध्यांवरून विजेच्या तारा गेल्यात आणि जड शरीराचा सारस ऐनवेळी वळू शकत नाही. तारांना धडकून मरणं हे इथल्या सारसांच्या मृत्यूचं एक ठळक कारण आहे.

नोंदीत जागेचं नाव ढोबळच लिहावं, घरट्याचं तर कधीच नाही. तारीख, वेळ, मोठे किती, पिल्लं किती, शेतात काय पीक होतं आणि सगळ्यात जवळची वीजतार किती अंतरावर, एवढं लिहिलं की नोंद उपयोगी पडते.

नऊ-साडेनऊनंतर जोडी बांध्यांच्या मधल्या सावलीकडे सरकते. परसवाड्याच्या तलावावर तासभर घालवून गोंदिया स्टेशन गाठलं तर दुपारच्या आगगाडीने दोन-अडीच तासांत नागपूर. गाडी रस्त्याने आणायची असेल तर साकोलीला जेवून घ्यावं.